द सिम्स 4: बार भरलाय, तरी प्रमोशन का अडलंय?

परफॉर्मन्सचा बार, म्हणजे कामगिरी दाखवणारी पट्टी, काठोकाठ भरलेला, सिम (गेममध्ये आपण चालवतो ते पात्र) रोज वेळेवर कामाला जातो, आणि आठवडा उलटला तरी पद तेच. बहुतेक वेळा गेममध्ये काही बिघडलेले नसते. प्रमोशनला दोन अटी असतात आणि खेळणारा एकीच्याच मागे लागलेला असतो. बार भरलेला हवा, शिवाय त्या पदासाठी नेमून दिलेली कामेही पूर्ण हवीत. दोन्ही जुळले की शिफ्ट संपताना बढती मिळते. एक जरी राहिले तर सिम नुसता पगार घेऊन घरी येतो.

नोकरी धरण्याआधी

फोन किंवा कॉम्प्युटरवरून नोकरी शोधता येते, पण निवड खरे तर सिम तयार करतानाच व्हायला हवी. पेंटर, लेखक आणि कलिनरी (स्वयंपाक) या करिअरना इन्स्पायर्ड मूड लागतो, म्हणून तिथे क्रिएटिव्ह स्वभावाचा सिम आपोआप पुढे राहतो. बिझनेस आणि टेक गुरूला फोकस्ड लागतो, तिथे जीनियस चालतो. अ‍ॅथलीटला एनर्जाइज्ड, तिथे अ‍ॅक्टिव्ह स्वभावाचा. फॉर्च्युन गटातली आकांक्षा (सिमचे आयुष्याचे ध्येय) घेतली तर बिझनेस सॅव्ही हा जादा गुण मिळतो आणि करिअरमधली कमाई वाढते. पद मात्र त्याने लवकर वाढत नाही, हा घोळ पुष्कळांचा होतो.

पॅनेल वाचायला शिका

कीबोर्डवर J हे अक्षर दाबा, करिअरचे पॅनेल उघडते. तिथे चार गोष्टी बघायच्या: बार, आदर्श मूड, रोजचे काम आणि बढतीची कामे. रोजचे काम केल्याने बार वाढतो. बढतीच्या कामांचा मामला वेगळा आहे. त्यात बहुधा एखादे कौशल्य ठराविक पातळीला नेणे किंवा काहीतरी तयार करून पूर्ण करणे असते. कौशल्याची अट आधीच पूर्ण असेल तर नवे पद मिळताच तिच्यापुढे खूण लागलेली दिसते. म्हणून सुट्टीचे दिवस मुख्य कौशल्यावर घाला: पेंटरला पेंटिंग, बिझनेसला करिश्मा, टेक गुरूला प्रोग्रामिंग आणि व्हिडिओ गेमिंग, अंतराळवीराला फिटनेस आणि लॉजिक. मुख्य कौशल्ये 10 पातळ्यांची असतात आणि वरच्या पातळ्यांना फार वेळ लागतो. पद वाढल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीपासून पुढे राहिलेले बरे.

मूडची तयारी

सगळा खेळ इथे आहे. आदर्श मूडमध्ये कामाला गेलेला सिम बार झपाट्याने वाढवतो, उपाशी किंवा चिडलेला गेला तर बार मागे सरकू शकतो. मूड मिळवायचे सोपे मार्ग असे: इन्स्पायर्डसाठी विचारमग्न शॉवर घ्या किंवा कॉम्प्युटरवर कलाकृती पाहा, फोकस्डसाठी बुद्धिबळाच्या पटावर चालींचा विचार करा किंवा सिमपीडिया वाचा, एनर्जाइज्डसाठी झटपट शॉवर, कॉन्फिडन्ट हवा असेल तर आरशासमोर स्वतःला धीर द्या.

यातून मिळणारे मूडलेट, म्हणजे मूड घडवणारे छोटे परिणाम, काही तासांचेच असतात. रात्री झोपण्याआधी घेतलेल्या शॉवरचा सकाळी काडीचा उपयोग नाही. समजा, पेंटरची शिफ्ट सकाळी 10 वाजता आहे. 6 ला उठवा, आधी बाथरूम आणि जेवण, मग रोजचे काम राहिले असेल तर ते, आणि 9 च्या सुमारास, शिफ्टला तासभर उरल्याची सूचना आली की, विचारमग्न शॉवर. साध्या वेगात सिमचा एक तास म्हणजे आपला साधारण एक मिनिट, त्यामुळे इथे तिसऱ्या वेगावर खेळ सोडून चहा करायला गेलात तर सिम तसाच पारोसा निघून जाईल. निघण्याआधी खाली डावीकडच्या मूडच्या खुणेवर कर्सर न्या. कोणते मूडलेट किती तास उरले आहे ते दिसते.

हॅपी मूडलेट वाया जात नाहीत. ते दुसऱ्या चांगल्या मूडचा जोर वाढवतात. नीट सजवलेली खोली, चांगला पलंग आणि भरलेल्या गरजा म्हणूनच उपयोगी पडतात. पेंटरसाठी एक खास सोय आहे: इन्स्पायर्ड असताना काढलेले भावनिक चित्र भिंतीवर लावून त्याचा प्रभाव चालू करा. चित्र लावले आणि प्रभाव चालू करायचाच राहिला, तर ती नुसती शोभेची वस्तू.

शिफ्टमध्ये

सिम कामावर असताना स्क्रीनवरच्या त्याच्या चेहऱ्याच्या चित्रावरून वागण्याची पद्धत बदलता येते. 'मेहनत करा' या पर्यायाने बार लवकर चढतो, पण सिम टेन्स होऊन घरी येतो. संध्याकाळी कौशल्य वाढवायचे असेल तर हा सौदा महागात पडतो, कारण ताणलेल्या डोक्याने चित्र काढणे जिकिरीचे. बार थोडाच उरला असेल तेव्हा मेहनत, एरवी साधी पद्धत. बार भरलेला आणि कामे अपुरी असतील, तर मेहनतीत काहीच अर्थ नाही.

घरात कुणी वारले किंवा सिमची झोपच झाली नाही, तर त्याला ओढून पाठवू नका. साठलेली पगारी रजा फोनवरून घ्या. रजेने बार घसरत नाही, वाईट मूडने मात्र घसरतो आणि फारच खाली गेला तर पदही जाते.

फाटा

करिअरच्या मध्यावर गेम दोन शाखांपैकी एक निवडायला सांगतो. लेखकाला साहित्यिक की पत्रकार, कलिनरीला शेफ की मिक्सॉलॉजिस्ट (पेये बनवणारा), टेक गुरूला ई-स्पोर्ट्स की स्टार्टअप. इथून पुढे लागणारी कौशल्ये बदलतात: शेफला गुर्मे कुकिंग, मिक्सॉलॉजिस्टला मिक्सॉलॉजी. निवड करण्याआधी गेम सेव्ह करा, नावापेक्षा सिमचे कोणते कौशल्य पुढे आहे ते बघा, आणि नवे पद मिळाल्यावर पॅनेल लगेच पुन्हा उघडा: कामाचे वार आणि शिफ्टची वेळ बदललेली असू शकते, आणि सकाळचे सगळे गणित त्यावरच बसवायचे असते.