कोंबडा की तलंग? पिल्लं ओळखायची कशी

एक दिवसाचं गावरान पिल्लू उचलून "ही कोंबडीच, लिहून घ्या" असं छातीठोक सांगणाऱ्याला मादीचे म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका. नाशिकला गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात असे सांगणारे भेटतात, इकडे गिरणारे गावाच्या रस्त्याला दारावर येणारेही भेटतात. त्या वयात गावरान पिल्लू नुसतं बघून कुणालाच कळत नाही. निदान पाच-सहा आठवडे थांबावं लागतं.

टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी, हे खरं नाही. पाय धरून उलटं टांगलं की मान वर काढते ती मादी, हेही नाही; त्यात पिल्लाचे हाल तेवढे होतात. आमच्या सासूबाई अजून लांबुळकी अंडी वेगळी काढतात. मी वाद घालत नाही, खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली सगळीच सरकवते. पक्ष्यांत नर की मादी हे आईच्या बाजूने ठरतं, आणि अंडं घातलं जाण्याआधीच ठरलेलं असतं. साधारण निम्मे-निम्मे निघतात, पण एखाद्या उबवणीत दहात सात कोंबडे निघाले तर कोंबडीला बोल लावू नका.

हॅचरीत पहिल्याच दिवशी निवड होते ती दोन-तीन पद्धतींनी. एक म्हणजे पिल्लाची विष्ठेची जागा हलकेच उघडून आतला बारीक उंचवटा बघायचा. जपानी शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात ही पद्धत बसवली. तिला मोठा सराव लागतो. घरी करू नका, नाजूक पिल्लू दुखावतं. दुसरी पंखांची: मादीच्या पंखाच्या कडेची पिसं वरच्या झाकणीच्या पिसांपेक्षा ठळक लांब, नराची दोन्ही सारखी. वाचायला सोपी वाटते, पण ती मुद्दाम तशा जुळवलेल्या जोडीच्याच पिल्लांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच चालते. गावरान पिल्लाचे पंख ताणून काही हाती लागत नाही.

तिसरी रंगाची, आणि ही घरीही जमते, फक्त आई-बाप कोण ते पक्कं माहीत हवं. आई काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची प्लायमाउथ रॉक आणि बाप ऱ्होड आयलंड रेड असेल, तर सगळी पिल्लं काळी निघतात. ज्यांच्या डोक्यावर पांढुरका ठिपका ते कोंबडे, ज्यांचं डोकं सरसकट काळं त्या कोंबड्या. पट्ट्याचा गुण आईकडून फक्त मुलग्यांना जातो म्हणून हे जमतं. जोडी उलटी केली, म्हणजे बाप पट्ट्यांचा घेतला, की हिशोब कोलमडतो. तपकिरी अंडी देणाऱ्या हॅचरीच्या जातींतही असंच: लालसर-तपकिरी पिल्लू मादी, फिकट पिवळं नर.

मोठेपणीचा रंग मात्र लवेवरून थोडाफार सांगता येतो. पिवळं धमक पिल्लू बहुधा पांढरं होतं. काळी पाठ आणि पिवळट पोट असलेलं बहुतेक काळंच होतं, पोटाचा तो पिवळेपणा पिसं आली की जातो. पाठीवर खारीसारखे पट्टे असतील तर नेहमीचा गावरान तपकिरी रंग येणार. अशा पट्टेवाल्या पिल्लांत मादीचे पट्टे नि डोळ्यामागची रेघ जरा रेखीव असते, नराची पुसट. पण आपल्याकडे गावरान म्हणजे सगळी सरमिसळ, तेव्हा त्यावर पैज लावू नका.

आणि गुलाबी, हिरवी, निळी पिल्लं? तो वरून मारलेला रंग. पिसं आली की उतरतो. ही पिल्लं बहुतेक अंड्यांच्या जातीचे नर असतात, हॅचरीला नको असलेले. पोरांनी हट्ट केला म्हणून घ्यायचं तर घ्या, अंड्यांची आशा धरू नका.

आता खरी परीक्षा, तुरा. चौथ्या आठवड्यापासून सकाळच्या उजेडात बघायला लागा. एकटं पिल्लू बघून उपयोग नाही, एकाच उबवणीची चार-पाच शेजारी-शेजारी हवीत. डालग्याखालून काढायची, कणी टाकायची, आणि खाली बसून डोकी बघायची. कोंबड्याचा तुरा बुडाशी रुंद असतो, आधी गुलाबी आणि मग लाल होत जातो; चोचीखालची लोंबती कातडीही त्याच सुमारास रंग धरते. तलंगेचा, म्हणजे तरुण मादीचा, तुरा तेव्हा नुसती पिवळट, बारीक दातांची रेघ. दुसरीकडे पिसांत ती पुढे असते: खांदे नि पाठ लवकर भरते, इवलीशी शेपटी उभी राहते. त्याच वयाचा नर पाठीवर उघडा, शेपटीच्या जागी बुडखा, आणि पाय जाडजूड. तुरा लाल, पाठ उघडी, पाय जाड, तिन्ही जुळलं तर कोंबडा समजा. एकच खूण दिसली तर आणखी दोन आठवडे थांबा.

कडकनाथात लाल रंगाची वाट बघत बसू नका. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या काळ्या जातीच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्याकडेही हौसेने पाळणारे वाढले. याचा तुराही काळपट-जांभळा, त्यामुळे रंग सोडून फक्त आकार ताडायचा.

बाराव्या आठवड्याच्या आसपास शंका उरत नाही. कमरेवरची पिसं बोटांत धरून बघा. टोकदार, अरुंद, चकचकीत असतील तर कोंबडा. गोलसर टोकाची, मऊ असतील तर तलंग. मानेच्या पिसांचंही तेच. आरवण्याची वाट बघायची गरज नाही. छाती काढून भांडणं मात्र पुरावा धरू नका, माद्याही लहानपणी तितक्याच भांडतात.

थंडीत, विशेषतः निफाडकडे पारा उतरतो तेव्हा, लहान पिल्लं बल्बखालून काढून फार वेळ हातात ठेवू नका. ज्याचा अंदाज आला त्याच्या नखाला नेलपॉलिश लावून टाका. नख वाढलं की पुन्हा लावायचं. पायात दोरा बांधू नका, पाय जाड होतो आणि दोरा रुततो. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, आणि नुसती अंडी खायची असतील तर एकही लागत नाही. बाकीचे आरवायला लागायच्या आत ज्याला द्यायचे त्याला सांगून ठेवा, नाहीतर पहाटे चार वाजता शेजारी सांगायला येतात.