बाळाच्या विकासाची प्रश्नावली: उत्तरं खरी यावीत म्हणून कसं विचारायचं

पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे आलेल्या घरात पहिला प्रश्न एकच: दिवसभर बाळ कुणाजवळ असतं? आई उजाडताच बागेत जात असेल, तर नवं काय शिकलं ते आजीला किंवा थोरल्या बहिणीलाच ठाऊक असतं. आई आणि ती, दोघींना सोबत बसवा.

एएसक्यू-३ (एजेस अँड स्टेजेस क्वेश्चनेअर, म्हणजे वयानुसार बाळाचा विकास पाहायची प्रश्नावली, तिसरी आवृत्ती) मध्ये पाच विभाग, प्रत्येकी सहा प्रश्न. ‘हो’ला १०, ‘कधी कधी’ला ५, ‘अजून नाही’ला ०. कागद आईच्या हातात देऊ नका, वाचून विचारा. ‘धरून उभं राहतं ना?’ म्हटलं की विचारणाऱ्या ताईंचा मान राखायला ‘हो’च येतं. आधी ‘खाली सोडलं की काय काय करतं?’ विचारा, मग करून दाखवायला सांगा. कोकणा बोलीतले शब्द अंगणवाडी सेविकेबरोबर आधीच ठरवा. दर घरी नवा अर्थ सांगितला तर गुणांची तुलनाच होत नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती न मिळालेल्या संधीची. घरात ठोकळे नाहीत, आरसा नाही, म्हणून आई ‘नाही करत’ म्हणते आणि चांगलं बाळ मागे पडलेलं दिसतं. पिशवीत अडीच सेंटिमीटरचे चार लाकडी ठोकळे, स्टीलची वाटी, चमचा, आरसा ठेवा. चिमटीची पकड पाहायला मऊ पोळीचा छोटा तुकडा द्या. शेंगदाणा, फुटाणा मुळीच नको, घशात अडकतो. तरीही जमवता आलं नाही, तर शून्य न देता जागा कोरी ठेवा. पाच उत्तरांचे ४० गुण झाले तर सरासरी ८, म्हणून विभागाचे ४८. एका विभागात तीन प्रश्न कोरे राहिले, तर त्या विभागाचे गुण काढूच नका.

जन्मतारीख माता-बाल संरक्षण कार्डावरूनच घ्या. ‘दिवाळीच्या आसपास’ चालत नाही. बाळ तीन किंवा जास्त आठवडे आधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वयातून वजा करा. हे विसरलं की चुकीच्या वयाचा फॉर्म भरला जातो.

ताप, जुलाब किंवा झोपेच्या वेळी भरलेला फॉर्म बाद समजा.

या प्रश्नावलीच्या कट-ऑफ रेषा (ज्याखाली गुण कमी धरतात) अमेरिकेतल्या मुलांवरून ठरल्या आहेत. त्यामुळे कमी गुण म्हणजे निदान नव्हे. बाळाला आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकाकडून नीट तपासून घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ, आणि आईला तो याच शब्दांत सांगा. मात्र येत असलेली गोष्ट बाळ विसरत असेल, किंवा आईच्या मनाला काही खटकत असेल, तर गुण पूर्ण असले तरी पाठवा.