मऊ रंगावर पॉलिशच्या रेघा राहिल्या तर

काळ्या गाडीला पॉलिश केल्यावर सावलीत सगळं चकचकीत दिसतं, उन्हात मात्र धुरकट पट्टे उमटतात. रंग मऊ, म्हणजे सहज ओरखडे पडणारा, असला की हे हमखास होतं, आणि बहुतेक जण तिथेच पुन्हा कंपाउंड (जाडसर, घासणारं पॉलिश) फिरवून ते वाढवतात.

मऊ फोमचं स्वच्छ फिनिशिंग पॅड, बारीक फिनिशिंग पॉलिश आणि ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड फिरवतानाच डोलवणारं पॉलिशर) घ्या. मायक्रोफायबर पॅड इथे नकोच, त्याचे धागेच रेघा पाडतात. पॉलिशचे वाटाण्याएवढे 3-4 थेंब, एका वेळी दीड फुटाचा चौकोन, वेग कमी. दाब फक्त मशीनच्या वजनाचा; शेवटच्या दोन फेऱ्यांत तेही हाताने थोडं तोलून धरा. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा, कारण निघालेल्या रंगाच्या आणि सुकलेल्या पॉलिशच्या गुठळ्या नवे ओरखडे काढतात.

पॉलिशमधलं तेल रेघा झाकतं. म्हणून 10-15 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून फवारा, लांब तंतूंच्या मायक्रोफायबर फडक्याने हलकेच टिपा आणि टॉर्च तिरका धरून बघा. कोरडं फडकं घासलंत तर तीही रेघच! तरी धूसर दिसलं तर दाब वाढवू नका, आणखी मऊ पॅड लावा.