पाना उचलण्याआधी

आयटीआय करून पहिल्यांदा गॅरेजला लागणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. मला या कामात सोळा वर्षं झाली. दहावीनंतर दोन वर्षांचा ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ ट्रेड केला आणि खंबाटकी घाट उतरल्यावर, सुरूर फाट्याच्या बाजूला एका गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो. इंजिन खोलून परत बसवता येत होतं. बिघाड शोधता येत नव्हता, आणि ती वेगळी विद्या आहे हेही ठाऊक नव्हतं.

पहिल्याच पावसाळ्यात एक गुरुजी त्यांची जुनी पेट्रोल गाडी घेऊन आले. सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट्‌कट्‌ वाजायचं. मेस्त्री बाहेर गेले होते. मी म्हटलं, बॅटरी गेली. गुरुजींनी विश्वासानं नवी बॅटरी घेतली. चार दिवसांनी तीच गाडी ढकलत आमच्या दारात आली.

मेस्त्री मला रागावले नाहीत. त्यांनी मल्टिमीटर आणला, डीसी व्होल्टवर लावला, काळी पिन बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर धरली आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. गुरुजींना सेल्फ मारायला सांगितलं. मीटरवर दोन व्होल्टच्या वर आकडा आला. ‘अर्थिंग धड असती तर इथं अर्धा व्होल्टसुद्धा दिसला नसता. हे दोन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतायत, सेल्फला काय मिळणार?’ मग त्यांनी इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची जाड पट्टी सोडवली. थिंबलखाली, म्हणजे पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, हिरवट-पांढरा थर धरला होता. पॉलिश पेपरनं दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासल्या, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. जुनी बॅटरी चार्ज करून पाहिली, ती चांगलीच होती. मेस्त्रींनी नव्या बॅटरीचे पैसे स्वतःच्या खिशातून गुरुजींना परत दिले. त्या दिवसापासून मोजल्याशिवाय मी कुठलाही पार्ट बदलायला सांगितलेला नाही.

बॅटरीचे चार आकडे तोंडपाठ करा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली घसरलं तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासा. तरीही घसरलं तर ती थकलेली. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 दिसलं पाहिजे. तेवढं येत नसेल तर बेल्ट आणि अल्टरनेटरकडे (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र) वळा, कारण नवी बॅटरीही आठवड्यात बसेल.

मीटरच्याही आधी गिऱ्हाइकाला विचारायचं असतं. गाडी थंड असताना होतं की तापल्यावर? वळताना की सरळ चालताना? एसी लावल्यावर? पाऊस पडून गेल्यावर? आणि विसरू नका: त्याआधी गाडीचं शेवटचं काम काय झालं होतं? अर्धे बिघाड मागच्या कामात सैल राहिलेल्या एखाद्या कपलरमध्ये (वायरींच्या जोडणीत) किंवा पाइपात सापडतात. गिऱ्हाईक ‘मिसिंग करते’, ‘पिकअप नाही’ असं मोघम बोलतं. तेव्हा सोबत बसून एक चक्कर मारा.

उन्हाळ्यात पुण्याकडून येणाऱ्या गाड्या खंबाटकी चढताना उकळतात. घाबरलेला माणूस बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात घालतो. त्याला आधी थांबवा. आतलं कूलंट दाबाखाली शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. गाडी पूर्ण निवू द्या. मग कूलंटची पातळी आणि गळती बघा. गाडी फक्त ट्रॅफिकमध्ये तापत असेल तर पहिला संशय पंख्यावर: फ्यूज, रिले, मोटर. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा फिरायला हवा. हायवेला किंवा चढाला तापत असेल तर रेडिएटर चोक आहे का ते बघा. इंजिन तापलंय, वरचा होस गरम आणि खालचा गार, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह, उघडत नसावा. कूलंट कमी होतंय, पण बाहेर थेंब नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, म्हणजे हेड गॅस्केटचा, इंजिनच्या हेडखालच्या पॅकिंगचा, संशय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून लगेच हेड खोलू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती साठलेल्या दमटपणानंही येते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र प्रकरण गंभीर.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा गाड्यांच्या धुराचा कडक नियम आला, सेन्सर वाढले, आणि नवी मुलं स्कॅनरला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राला, देव मानू लागली. स्कॅनर लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. पी0301 हा कोड म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट पेटत नाही), एवढंच. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर टाका, कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी0302 झाला तर कॉइल खराब. जागचा हलला नाही तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. यात एक रुपयाचा पार्ट लागत नाही.

आवाज कानानं शिकावे लागतात, लिहून फार सांगता येत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना टकटक आली तर सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा. वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ म्हणजे बहुधा व्हील बेअरिंग. 80-100 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग, फक्त ब्रेक मारताना थरथरलं तर डिस्क. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटच्या आधी चारही टायरची हवा, तीही गार असताना.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि मग लवकर उकळतं. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगा, आणि कोणत्या प्रकारचं, डॉट 3 की डॉट 4, ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर वाचूनच भरा. गिऱ्हाईक टाळाटाळ करत असेल तर पुन्हा सांगा. इथं जिवाचा प्रश्न आहे.

तुमच्या जिवाचंही तसंच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. मेस्त्री घाई करत असले, काम दोन मिनिटांचं असलं, तरी खाली स्टँड लावा.

सुरुवातीला पगार कमी असतो, हात काळे होतात, घरचे नाराज असतात. तरीही पहिल्या पगारातून स्वतःचा मल्टिमीटर घ्या आणि एक वही घाला. गाडी कोणती, किती किलोमीटर चालली, गिऱ्हाईक त्याच्या शब्दांत काय म्हणालं, मी काय मोजलं, किती आलं, शेवटी काय निघालं. चुकलेला अंदाजही लिहा आणि खाडाखोड करू नका. माझ्याकडे अशा अकरा वह्या आहेत. गॅरेजला नवीन पोरगं लागलं की मी त्याला पहिली वही वाचायला देतो.