पाण्यातून गेलेल्या गाडीचं गिअरबॉक्स ऑइल

मुंबईत गाडीचं रनिंग कमी आणि गिअर बदलणं जास्त, त्यामुळे गिअरबॉक्स ऑइलचा हिशेब नुसत्या किलोमीटरवर ठेवू नका. त्यातून हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर गाडीच्या माहितीपुस्तिकेतल्या आकड्याची वाट बघायचीच नाही. गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवेसाठी ब्रीदर असतो. तापलेला गिअरबॉक्स गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरमधून किंवा चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या (ड्राइव्हशाफ्ट) झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत चढलं असेल, तर तपासणी टाळू नका.

खालची पद्धत मॅन्युअल गिअरच्या गाडीसाठी आहे.

आधी फिलर प्लग, म्हणजे ऑइल भरायच्या भोकाचं बूच, उघडतोय का ते बघा; ड्रेन प्लगला, म्हणजे ऑइल काढायच्या तळाच्या बुचाला, हात नंतर. ऑइल काढून झालं आणि फिलर प्लग जाम निघाला, तर गाडी जागची हलणार नाही. पाण्याचा संशय असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवा. पाणी जड, ते तळाला बसतं. सकाळी ड्रेन प्लग जेमतेम सैल केला की पाण्याचे थेंब आधी येतात. ऑइल कटिंग चहाच्या रंगाचं दिसलं, तर पाणी आधीच घुसळलं गेलंय. अशा वेळी नवं ऑइल भरून थोडं चालवा आणि पुन्हा बदला. एका बदलात सगळं पाणी निघत नाही.

पाण्याचा प्रश्न नसेल तर दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून कोमट ऑइल काढा. प्लगच्या चुंबकावरचा करडा लगदा नेहमीचाच, पुसून टाका. धातूचे कण नखाला टोचले किंवा तुकडे सापडले, तर नुसतं ऑइल बदलून भागणार नाही.

ड्रेन प्लग परत लावताना त्याखालचा वॉशर नवाच घाला. गिअरबॉक्सची बॉडी अॅल्युमिनियमची असते; लांब पान्याने जोर लावला तर आटे जातात, मग दुरुस्तीचा खर्च ऑइलच्या कितीतरी पट.

छोट्या हॅचबॅकला साधारण दोन ते अडीच लिटर लागतं. ग्रेड माहितीपुस्तिकेत बघा, बऱ्याच गाड्यांना ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० (हा ऑइलच्या घट्टपणाचा आकडा), जीएल-४ (हा ऑइलचा दर्जा) लागतं. दुकानदार 'जीएल-५ भारी आहे' म्हणाला तरी घेऊ नका; त्यातली काही रसायनं गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंग खाऊ शकतात. बहुतेक गाड्यांत फिलरच्या भोकातून ऑइल ओघळू लागलं की लेव्हल झाली, पण गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. सोसायटीच्या रॅम्पवर किंवा फक्त पुढून जॅक लावून लेव्हल हमखास चुकते. गाडीखाली जायचं तर स्टँड लावूनच.

ऑटोमॅटिकच्या भानगडीत घरी पडू नका. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गाडीत प्लग काढला तरी बरंच ऑइल आतच राहतं, आणि लेव्हल ठरावीक तापमानालाच बघावी लागते. सीव्हीटीला (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) तिचंच ऑइल लागतं. एएमटीचा (क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप चालवते अशी गाडी) गिअरबॉक्स मात्र मॅन्युअल गाडीचाच. बऱ्याच गाड्यांत गिअर टाकणाऱ्या यंत्रणेचं हायड्रॉलिक ऑइल वेगळं असतं, ते यात मिसळू नका.

जुनं ऑइल गटारात ओतायचं नाही, डब्यात भरून गॅरेजला द्या.

ऑइल बदलूनही, क्लच दाबून तीन सेकंद थांबल्यावर रिव्हर्सला करकर आली, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबलचं अॅडजस्टमेंट किंवा हायड्रॉलिक लाइनमधली हवा तपासा.