बीअरला भलताच वास येतोय? रेसिपी बदलायच्या आधी या चुका टाळा

मी पुण्यात एका छोट्या मायक्रोब्रुअरीत काम करतो, ५०० लिटरचा सेटअप आहे. बॅच बिघडली की सगळे आधी माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) यांच्या मागे लागतात, हे बदल ते बदल, आणि पुढच्या बॅचला परत तोच वास. माझ्या अनुभवात दोष रेसिपीत क्वचित असतो. बहुतेक वेळा पाणी, तापमान नाहीतर घाई.

पाण्यापासून सुरुवात करू. खडकवासल्याचं पाणी बीअरला चांगलंच आहे पण नळाला येतं तेव्हा त्यात क्लोरीन असतं, आणि उन्हाळ्यात टँकर आला की किती असेल सांगता येत नाही. हे क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलशी जुळलं की बँडेजसारखा, दवाखान्यातल्या ड्रेसिंग रूमसारखा वास येतो, आणि अगदी नखाएवढं प्रमाणसुद्धा नाकाला कळतं. मागच्या मे महिन्यात आमची एक अख्खी व्हीट बीअर यात गेली. आम्ही यीस्टला दोष देत बसलो आणि नंतर लक्षात आलं की मॅशचं (माल्ट भिजवायचं) पाणी कार्बन फिल्टरमधून घेतलं होतं पण स्पार्जचा (नंतर माल्टवरून ओतायच्या पाण्याचा) पाइप कोणीतरी सरळ नळाला जोडला होता. असा वास एकदा आला की तो जात नाही, बॅच ओतूनच द्यावी लागते. म्हणून सगळंच पाणी फिल्टरचं घ्या, नाहीतर १०० लिटरला अर्धा ते एक ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाका.

तापमानाची चूक पुण्यात एप्रिल-मेमध्ये हमखास होते. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापलेलं असतं की चिलरमधून वॉर्ट (माल्टचं उकळलेलं गोड पाणी) तिशीच्या खाली येतच नाही, मग लोक म्हणतात सकाळपर्यंत होईल गार आणि यीस्ट टाकून मोकळे होतात. अहो, पहिल्या दोन-तीन दिवसांतच सगळी चव ठरते! त्यात फर्मेंटेशनची (यीस्ट साखर खाऊन दारू बनवतं त्याची) स्वतःची उष्णता असते, खोली २४ ला असली तरी आतली बीअर त्याहून काही डिग्री वरच असते. मग नाकात झोंबणारा स्पिरिटचा, कधी नेलपॉलिशचा वास. साध्या एलला (कोमट तापमानाला आंबवायची बीअर) १८ ते २० वर आणूनच यीस्ट टाका, त्यासाठी बर्फाच्या पाण्यातून दुसरा फेरा द्यावा लागला तरी चालेल, आणि तापमान खोलीचं नाही, टाकीचं बघा. (हेफेवायझन या जर्मन गव्हाच्या बीअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास यायलाच हवा, तो दोष समजून काढायला जाऊ नका.)

आता घाई. शुक्रवारी टॅपवर हवी म्हणून ग्रॅव्हिटी (घनता, साखर संपत आली की उतरते) खाली आली की लगेच क्रॅश कूलिंग, म्हणजे बीअर एकदम थंडगार करायची, आणि आठवड्याने ग्लासात मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नवरचं बटर. हे डायअसेटिल, बटरच्या वासाचा पदार्थ, जो यीस्ट वेळ दिला की स्वतःच संपवतं. ते ज्याच्यापासून बनतं त्याला स्वतःला वास नसतो, म्हणून टाकीतून चाखलं तेव्हा सगळं ठीक वाटतं. आम्ही आता प्रत्येक बॅचला एक टेस्ट करतो, दोन ग्लास सँपल घ्यायचं, एक फॉइलने झाकून ६०-६५ डिग्रीच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवायचं, मग गार करून दोन्ही शेजारी शेजारी हुंगायचे. गरम केलेल्यात बटर आलं तर यीस्टचं काम बाकी आहे, आहे त्याच तापमानाला अजून दोन दिवस राहू द्या. लागरला (थंड तापमानाला आंबवायची बीअर) शेवटी १६-१८ पर्यंत वर न्या. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास आला तरी उपाय तोच, थांबा.

उकडलेल्या कणसाचा वास असेल तर उकळी कमी पडली. पिल्सनर (फिकट) माल्टला झाकण न ठेवता ९० मिनिटं खळखळून उकळा आणि पटकन गार करा.

आणि टाकीतली बीअर स्वच्छ पण नळाची बटरी किंवा आंबट लागली तर ब्रूइंगमध्ये काही शोधत बसू नका, टॅपच्या लाइनमध्ये जंतू बसलेत. दर दोन आठवड्यांनी लाइन कॉस्टिकने (कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने) धुवा, नळ खोलून आतून ब्रश मारा, आमच्याकडे घाण नेहमी तिथेच सापडते.