घोडी घेताय? आधी डांबरी रोडवर पळवा

सारंगखेड्याच्या बाजारात घोडी ढोलावर नाचवून दाखवतात, मऊ मातीत लंगड काय कळत नाही. पैदाशीसाठी घ्यायची तर एवढं करा:

१. डांबरी रोडवर दोर ढिला सोडून दुडकी पळवायला लावा, समोरून येताना आणि परत जाताना मोबाईलवर स्लो मोशन शूट करा, पुढचा दुखरा पाय टेकला की मान वर उडते ती नुसत्या डोळ्याला सुटते पण व्हिडिओत बरोबर सापडते.

२. तिचं आधीचं शिंगरू असेल तर तेही बघा. मारवाडी जातीच्या घोड्यांच्या कानांची टोकं जुळतात म्हणून सगळे खूश होतात, पाय कोण बघतो!

गाभण म्हणून जास्त पैसे मागितले तर आधी डॉक्टरकडून सोनोग्राफी, नाहीतर ११ महिने वाट बघत बसाल.